ट्राम आली की हात वर

पडद्यावर कचरा बसलाय असं म्हणून त्सुरुदा उठला आणि कोटाच्या बाहीनं त्यानं तो ठिपका पुसला. ठिपका गेला नाही. मग तो नखानं खरवडायला लागला, तेव्हा टेबलाच्या टोकाला इतिवृत्त लिहीत बसलेला कचेरीतला मिझोबे खाली मान घालून म्हणाला, "साहेब, तो कचरा नाही. ते कुसाकाबे सर आहेत." सगळे हसले. मीही हसले, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. पण नंतर चहाचा पेला मी तसाच बाजूला सारला. चहा गार होता म्हणून असेल, असं मी मनाला सांगून पाहिलं. मनाला ते पटलं नाही.

विद्यापीठानं नवीन प्रणाली विकत घेतली होती, तिचं कौतुक चाललं होतं. कुणाही संशोधकाचं नाव घाला, त्याचं वर्तुळ पडद्यावर उमटतं. तुमचे लेख किती आणि जगातल्या बाकीच्यांनी आपापल्या लेखांत त्यांचा उल्लेख किती वेळा केला, त्यावर वर्तुळ लहान की मोठं ते ठरतं. आमच्या मेंदूविज्ञान विभागात माझं वर्तुळ सगळ्यांत मोठं, चांगलं ताटाएवढं. त्सुरुदाचं वाडग्याएवढं. तो विभागप्रमुख आहे, त्याला ते जरा झोंबलं असावं, म्हणून गंमत म्हणून जुन्या लोकांची नावं घालायची टूम निघाली आणि त्यातून माझे सर निघाले, धुळीच्या कणाएवढे. "सत्तावीस वर्षं प्राध्यापक होते म्हणे," कुणीतरी म्हणालं, "करत काय होते?" कुत्सितपणा नव्हता त्यात, नुसतं कुतूहल होतं. खरं उत्तर मला माहीत होतं. ते ट्रामी बघत होते. पण बैठकीत हे सांगितलं असतं तर निवृत्तीला आलेल्या या नोगामी बाईंना, म्हणजे मला, आता मार्चपर्यंतसुद्धा ठेवू नका म्हणाले असते, म्हणून मी मूग गिळून गप्प बसले.

तो खेळ सुरू झाला होता किरिमुराच्या निमित्तानं, हे सगळे विसरले होते. किरिमुरा आमच्याकडे कंत्राटावर संशोधक आहे आणि मार्चमध्ये तिची दहा वर्षं भरतात. दहा भरली की एक तर कायम करा नाही तर निरोप द्या, असा नियम. आणि सगळीकडे निरोपच देतात, तो स्वस्त पडतो. मी निवृत्त होणार म्हणून एक कायम जागा मोकळी होत होती. ती किरिमुराला द्यावी असं माझं म्हणणं. त्सुरुदाच्या डोळ्यांसमोर ओसाकाचा एक हुशार मुलगा होता, वाडग्याहून जरा मोठा. किरिमुराचं वर्तुळ वाटाण्याएवढं. "बाई, मी वाईट माणूस नाही," त्सुरुदा म्हणाला, आणि तो खरंच नाही. "पण मंत्रालयाला किरिमुराचे हात दिसत नाहीत, वर्तुळ दिसतं. आम्ही काय करणार?" निर्णय पुढच्या गुरुवारी घ्यायचा ठरला. किरिमुराला फुकुओकाच्या एका कंपनीनं सूक्ष्मदर्शकं विकायला बोलावलं होतं. ती जाईल म्हणाली. तिनं हे मला सांगितलं ते काचेची नळी तापवून प्रयोगाच्या सुया ओढता ओढता, वर न बघता. "विकेन मी, बाई. निदान विकणाऱ्याला ती वापरता येतील." मला तिचा रागच आला. एवढं शहाण्यासारखं का वागावं माणसानं.

बाहेर पडले तर वाटेवर गिंकोच्या झाडांच्या बिया पडल्या होत्या आणि त्यांचा तो आंबूस वास बुटांबरोबर ट्राममध्ये आला. उभ्यानं जाताना मी खांब धरला आणि माझ्या हाताकडे बघत राहिले. चौसष्ट वर्षांचा हात, सुयांनी बोटांची टोकं राठ झालेली. ट्राम आमच्या जुन्या इमारतीजवळच्या वळणाला आली की चाकं किंचाळतात, अजूनही किंचाळतात, आणि माझा श्वास आपोआप थांबतो. शेजारच्या माणसाला वाटत असेल म्हातारीला काही होतंय. होतं काहीच नाही. पस्तीस वर्षांपूर्वीची सवय आहे. उंदराच्या मेंदूचा पातळ काप, खाली कोमट खारं पाणी, त्यात प्राणवायूचे बुडबुडे, आणि एका पेशीच्या अंगाला जेमतेम टेकलेली काचेची सुई. सुईला रबरी नळी, नळीचं टोक माझ्या ओठांत. तोंडानं अगदी हलकं ओढायचं, लहान मूल झोपलं का बघताना आपण जेवढा श्वास घेतो तेवढंच, की पेशी सुईला चिकटते आणि बोलायला लागते. जास्त ओढलं तर मेली. आणि नेमकं त्याच वेळी वळणावर ट्राम आली तर सगळी इमारत थरथरायची. आज हवेवर तरंगणारी टेबलं आहेत. तेव्हा आमचं टेबल दगडी होतं, त्याखाली टेनिसचे चेंडू कापून घातले होते आणि बाकी देवावर हवाला. आठवण टिकते म्हणजे दोन पेशींमधलं काय टिकतं, ते मला बघायचं होतं, त्यासाठी तीच पेशी तासभर धरून ठेवायला हवी होती. ट्राम मात्र थोड्या थोड्या वेळानं यायचीच. दोन महिने मी नुसत्या मेलेल्या पेशी मोजल्या आणि एके दिवशी सरांच्या समोर रडले. त्या काळी प्रयोगशाळेत मी एकटी मुलगी. रडायचं नाही असं ठरवून आले होते, आणि रडले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी ओव्हरकोट घालून, हातात चहाचा पेला घेऊन सर माझ्या खोलीच्या खिडकीशी उभे राहिले. माझ्याकडे पाठ. वळणापलीकडून ट्राम येताना दिसली की ते उजवा हात वर करायचे. शब्द नाही, हूं नाही, कारण आवाजसुद्धा नको होता. डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला हात दिसला की मी नळी सोडायची, सुई केसभर मागे घ्यायची. चाकं किंचाळून जायची. हात खाली. मी परत ओठ लावायची. असा अख्खा हिवाळा. प्राध्यापक माणूस, विभागाची बैठक असली की तिकडे निरोप पाठवायचा, पडसं आहे म्हणून. लोक म्हणायला लागले, कुसाकाबेंचं डोकं फिरलं. ट्राममधल्या लोकांना वाटायचं हे गृहस्थ आपल्यालाच हात करतात. आधी शाळेतल्या दोन मुली परत हात हलवायला लागल्या, मग एक म्हातारा टोपी काढायला लागला, आणि वसंत उजाडेपर्यंत निम्मी ट्राम आमच्या खिडकीकडे बघून हात हलवत जायची. सर पाठमोरेच असायचे, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसायचे. थंडीनं असतील. लाजून असतील.

त्याच प्रयोगांवर मी पहिला लेख लिहिला. आमच्याकडे रीत अशी की प्रयोगशाळेतून जो लेख बाहेर पडतो त्यावर शेवटचं नाव प्रमुखाचं. त्यानं काम केलं की झोपा काढल्या, हा प्रश्न कुणी विचारत नाही. देवळात पहिली घंटा पुजारी वाजवतो तसं ते आहे. मीही सरांचं नाव शेवटी घातलं. लाल पेन्सिलनं त्यांनी ते खोडलं. "सर, मग निदान आभारात घालते," मी म्हणाले आणि एक ओळ लिहून नेली. तीही खोडली. "इंग्रज लोक वाचतील ते," सर म्हणाले. "त्यांना वाटेल जपानात सगळे वेडे आहेत." मी हसले नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. आता वाटतं त्यात गंमत होती, पण तेव्हा मला एकच दिसलं, की माझ्या कामाची या माणसाला लाज वाटते. नावाजलेलं नाव नाही, म्हणून दोन नियतकालिकांनी तो लेख न वाचताच परत पाठवला. तिसऱ्यानं घेतला. आणि मग काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ताटाएवढ्या वर्तुळातलं निम्मं ताट त्या एका लेखाचं आहे. परदेशात गेले की लोक विचारायचे, नोगामी कोण? मी हात वर करायची. तुमच्याबरोबर आणखी कोण होतं? कुणी नाही, कागदावर कुणीच नाही. त्या कुणीच नाहीमुळे मला नोकरी मिळाली, माझी स्वतःची प्रयोगशाळा मिळाली, पस्तीस वर्षं पोटभर मिळाली. माझ्याबरोबरच्या हुशार मुली आपल्या प्रमुखांच्या नावाखाली आयुष्यभर लिहीत राहिल्या आणि मग लग्न करून गेल्या. एवढं मोठं दान पदरात पडलं होतं, आणि मी पदर झटकत होते.

रविवारी सरांकडे गेले. ते ब्याण्णव वर्षांचे आहेत, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ एकटे राहतात आणि दर नोव्हेंबरात पर्सिमॉनची फळं सोलून दोऱ्यानं गच्चीत वाळत टांगतात. वाटेत गरम इकिनारी दांगो, म्हणजे रताळं भरलेले पिठाचे गोळे, घेतले. आतलं रताळं जिभेला भाजतं तेव्हाच ते खायचे असतात, म्हणून कागदाचा पुडा कोटात धरून गेले. सरांना ऐकू कमी येतं, त्यामुळे आमचं बोलणं सगळ्या गल्लीला कळतं.

"सर, नव्या यंत्रात तुम्ही एक ठिपका आहात," मी ओरडून सांगितलं. "त्सुरुदानं तुम्हाला बाहीनं पुसलं."

"गेलो का पुसून?"

"नाही."

"मग झालं तर." त्यांनी रताळं फुंकलं. "आणि तू?"

"ताट."

"बरं आहे. ताटात ठिपका असलेलं चालतं. ठिपक्यात ताट कसं मावेल?" आणि स्वतःच्याच विनोदावर ते इतके खुश झाले की ठसका लागला, मला त्यांची पाठ चोळावी लागली. पाठ कोटावरूनसुद्धा हाडाहाडाची लागली. मग मी ते विचारलं, जे इतकी वर्षं विचारायचं राहिलं होतं. का खोडलंत?

मला वाटलं होतं ते काहीतरी मोठं बोलतील. पर्सिमॉनची साल हातातून लोंबत होती, ती तुटू न देता ते शेवटपर्यंत सोलत राहिले आणि म्हणाले, "नोगामी, खरं सांगू? तुझा लेख मला कळला नव्हता. मी बेडकांवर वाढलेला माणूस. नाव घातलं असतं तर लोक मला प्रश्न विचारायला आले असते. कोण त्यांना उत्तरं देत बसणार?"

"एवढंच?"

"आणि आळस. नाव घालायचं म्हणजे लेख नीट वाचायला हवा. ट्राम बघणं त्यापेक्षा सोपं होतं. त्या दोन मुली आठवतात तुला? एक चष्मेवाली होती. पुढे मला वाटतं तिची शाळा बदलली, दिसेनाशी झाली. फार चुकल्यासारखं झालं मला."

मी हसत होते आणि डोळे भरून येत होते, दोन्ही एकदमच. माझ्यासाठी त्यांनी त्याग केला असं समजून मी इतकी वर्षं एक ओझं वाहत होते, आणि इकडे हा माणूस मजेत खिडकीत उभा होता. बरं वाटलं, किती बरं वाटलं म्हणून सांगू. ओझं उतरलं तर उपकार हलका व्हायला हवा होता. तो मात्र होता तेवढाच राहिला, फक्त आता उचलायला जड नव्हता. मग मी त्यांना किरिमुराचं सांगितलं. पेशी मरत असेल तर सगळे तिलाच हाक मारतात, नवी मुलं तिच्याकडूनच श्वास कसा घ्यायचा ते शिकतात, आणि नाव घालू का म्हटलं की म्हणते, मी फक्त पेशी धरून दिली.

"मग तिचं नाव येतं कुठे?"

"शेवटी. आभारात."

"ते कोण वाचतं?"

"कुणी नाही."

"माझ्या शनिवारच्या वाचनात वाचायला लागायचं," सर म्हणाले, आणि एवढं बोलून दोरा शोधायला उठले.

शनिवारचं वाचन. ते मी विसरलेच होते. आमच्याकडे पाळीपाळीनं वाचायची जुनी पद्धत आहे; गोल बसायचं, एक लेख घ्यायचा, प्रत्येकानं एकेक तुकडा मोठ्यानं वाचायचा. बाकीचे प्राध्यापक निष्कर्ष आला की पुस्तक मिटायचे. सर शेवटची ओळ येईपर्यंत उठू द्यायचे नाहीत. कुठल्या विद्यापीठातल्या कुठल्या बाईनं टंकलेखन केलं, कुणी उंदीर सांभाळले, सगळं वाचायचं. आम्हाला जेवायला जायचं असायचं, पोटात कावळे ओरडत असायचे, आणि आम्ही त्या अनोळखी लोकांची नावं भरभर म्हणून मोकळे व्हायचो. परतीच्या ट्राममध्ये मी बसून होते, कोटाला रताळ्याचा वास येत होता आणि मला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं. समोर एक कॉलेजातला मुलगा झोपला होता. त्याच्याशी काय बोलणार.

गुरुवारी बैठकीत मी म्हटलं, "माझी निवृत्ती आली आहे, माझा एक हट्ट पुरवा. मतं घेण्याआधी पाळीनं वाचू या. प्रत्येकानं स्वतःचा सगळ्यांत जास्त उल्लेख झालेला लेख काढा. शेवटचा परिच्छेद, आभाराचा, मोठ्यानं वाचा."

"बाई, आपण आता विद्यार्थी आहोत का?" त्सुरुदा म्हणाला.

"नाही ना, म्हणून तर म्हणते."

म्हाताऱ्या बाईला नाही म्हणणं आमच्याकडे जिवावर येतं, त्याचा मी फायदा घेतला. पहिल्यानं वाचलं. निधी कुणी दिला, मग, काप कसे जिवंत ठेवायचे ते शिकवल्याबद्दल किरिमुरा यांचे आभार. दुसऱ्यानं वाचलं. अवघड नोंदींसाठी किरिमुरा यांचे आभार. तिसऱ्याला आपल्या लेखात काय लिहिलंय तेच आठवत नव्हतं. तो वाचत गेला आणि ते नाव आल्यावर त्याचा आवाज खाली आला. त्यानं लिहिलं होतं, किरिमुरा यांच्याशिवाय हे काम झालं नसतं. आपण असं लिहितो, सगळेच लिहितो, हात सवयीनं लिहून जातो. मोठ्यानं वाचलं की ते खरं होतं.  मग त्सुरुदा. त्यानं घसा साफ केला, चष्मा काढला, परत घातला. "तिच्या हातांबद्दल आणि," तो थांबला, "आणि तिच्या धीराबद्दल." मागच्या आठवड्यात हात दिसत नाहीत म्हणाला होता तोच. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही, तेवढी सभ्यता आमच्यात आहे.

माझी पाळी शेवटची. मी तो पहिला लेख उघडला. आभारात फक्त काच पुरवणारी कंपनी आणि शिष्यवृत्ती. मी ते वाचलं. मग म्हटलं, "यानंतर एक ओळ होती. ती खोडली गेली. मला पाठ आहे." मी लेख मिटून ठेवला. "ट्राम येताना हात वर करत राहिल्याबद्दल प्राध्यापक कुसाकाबे यांचे आभार."

ते काय ते कुणाला कळलं नाही, मग मी सांगितलं. खिडकी, ओव्हरकोट, हात हलवणारी ट्राम, सगळं. बोलता बोलता मला वाटलं आता हे हसतील, आणि ते हसलेही, पण हे हसू वेगळं होतं. टेबलाच्या टोकाकडून मिझोबेनं विचारलं, "बाई, हे इतिवृत्तात घ्यायचं का?"

मी त्सुरुदाकडे बघितलं. "घ्या," तो म्हणाला. "ती ओळ आणि ट्रामची गोष्ट, दोन्ही घ्या. मागच्या वेळचं ठिपक्याचं नको." मग त्यानं पद्धतीप्रमाणे सांगितलं, किरिमुरा यांना कायम करण्यास ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावा, आणि आपला हात सगळ्यांच्या शेवटी वर केला. ओसाकाच्या मुलासाठी मला वाईट वाटलं. तो हुशार आहे, त्याला दुसरीकडे मिळेल.

किरिमुराला सांगायला मी जवळजवळ पळत गेले. दारावरची लाकडी पाटी उलटी होती, म्हणजे आत कुणीतरी पेशीवर आहे. बूट काढून, नुसत्या मोज्यांनी, पाय न वाजवता आत गेले. ती सूक्ष्मदर्शकावर वाकली होती, ओठांत नळी. "किरिमुरा," मी म्हटलं. तिनं डावा हात नुसता हलवला, आणि दातांत नळी धरूनच पुटपुटली, "आत्ता नको, बाई. पेशी लागतेय." बाहेर आमची जुनी इमारत पाडायचं काम चाललंय, राडारोड्याचे ट्रक आमच्या भिंतीला लागून जातात, ते गेले की हवेवरचं टेबलसुद्धा हलतं, सकाळपासून तिच्या तीन पेशी गेल्या होत्या. फाटकातून एक ट्रक वळताना मला दिसला. बातमी माझ्या ओठांवर होती, ती तशीच ठेवली. मी खिडकीशी गेले, तिच्याकडे पाठ करून उभी राहिले आणि हात वर केला. मागे तिनं नळी सोडल्याचा बारीकसा आवाज आला.  काच थरथरली, ट्रक खालून गेला, आणि गाडीवाल्यानं मान वर करून मला परत हात केला.